हिर्डोशीचा खाना उघडेना

भोरच्या बाजारात मी भाजी घ्यायला उभी असले की आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी माझ्यापुढे मोबाईल धरतंच. "बाई, तुमी कम्प्युटरवाल्या न्हवं? ह्यात आवाज येत न्हाई, बगा जरा." दूध संघाच्या संगणक विभागात एकोणतीस वर्षं काढली, त्यातली शेवटची बारा-तेरा सर्व्हर सांभाळण्यात गेली, आणि त्याचं फळ म्हणून आज तालुक्यातले सगळे बिघडलेले मोबाईल माझ्या नाकासमोर येतात. एकीनं तर मिक्सर आणला होता. मी म्हटलं, अहो हे माझं काम नव्हे. तर म्हणते, "त्यातबी वायरीच हायेत की."

दिवाळी अंकासाठी लिहा असा निरोप आला तेव्हा मी संपादकांना आधी विचारलं, मी नोकरीत काय करत होते हे ठाऊक आहे का? ते चाचरत म्हणाले, "दुधाचं काहीतरी." बरोबर आहे. आमच्या ह्यांनाही तेवढंच माहीत आहे. तेव्हा कधी लागले, कुठली परीक्षा दिली, असलं काही सांगत बसत नाही. ते वाचून मलाच झोप येईल. एका चुकीची गोष्ट सांगते. चूक माझी होती, आणि तिच्यापायी डोंगरातलं एक दूध केंद्र कायमचं बंद व्हायची वेळ आली होती.

आधी आमचा धंदा समजून घ्या. भोर आणि वेल्हे मिळून संघाची दोनशेच्या आसपास संकलन केंद्रं. सकाळी गावातली माणसं किटली घेऊन केंद्रावर येतात, दूध मोजलं जातं, फॅट बघितलं जातं, आणि शेवटी केंद्राचा सचिव एका डबीएवढ्या मशीनचं बटण दाबतो. त्याबरोबर आमच्याकडे एक संदेश येतो: अमुक गाव, सकाळची पाळी, गाईचं दूध इतकं, म्हशीचं इतकं, कॅन इतके. संदेश पोहोचला की सचिवाच्या मशीनवर हिरवा दिवा लागतो. या संदेशांवरून टँकरचा रस्ता ठरतो आणि ड्रायव्हरच्या मोबाईलवर गावांची यादी जाते. ज्या गावाचा संदेश नाही तिथं दूध नाही असं धरायचं आणि टँकर तिकडे न्यायचाच नाही, असा नियम. दूध काही टँकरसाठी थांबत नाही. चैत्रातल्या उन्हात दहा-अकरा वाजले की ते आपल्या मनाचं करायला लागतं.

आता हे सगळे संदेश एकाच वेळी येतात, कारण म्हशी सगळीकडे एकाच वेळी पिळतात. एका रांगेत उभे केले तर खोळंबा होतो. म्हणून रांगेचे भाग पाडतात. आमच्या भाषेत त्याला पार्टिशन म्हणतात, मी आपली खाने म्हणते. पोस्टात पत्रं टाकायला खाने असतात तसे. एका खान्यात जो आधी आला तो आधी, मागून आला तो मागे, एवढाच कायदा. मी बारा खाने केले होते. कुठलं गाव कुठल्या खान्यात हे केंद्राच्या नंबरावरून गणितानं ठरायचं. त्यात ना वशिला, ना भाऊबंदकी. तीन मशीनवर त्याच्या तीन प्रती, म्हणजे एक मशीन पडलं तरी दुसरं उभं. चार वर्षं हे इतकं गुपचूप चाललं की मी जिवंत आहे याचा संघाला विसर पडला होता. आमच्या कामात याहून मोठं कौतुक नसतं.

मग तात्या आले.

तात्या म्हणजे विंझरचे संचालक. मनानं मोकळे, आवाजानं त्याहून मोकळे. आख्ख्या कचेरीत एसी फक्त माझ्या खोलीत, तोही माणसांसाठी नव्हे, मशीनसाठी. त्यामुळे उन्हाळा लागला की संचालकांना संगणकाची फार आवड उत्पन्न व्हायची. तात्या तर खुर्ची ओढून, चहा मागवून, चष्मा लावून पडद्याकडे बघत बसायचे. असेच एकदा बसले असताना त्यांनी पडद्यावर बोट ठेवलं.

"बाई, ह्ये पाच नंबरात विंझर दिसतंय. त्याच्या वर कोन हाय?"

मी नाव वाचलं. नदीपलीकडचं गाव. इथं ते नाव लिहीत नाही, मला अजून त्या रस्त्यानं जायचं असतं. या दोन गावांचं जत्रेतल्या मानाच्या नारळावरून आजोबा-पणजोबांपासून वाकडं. नारळ आधी कुणाचा फुटायचा यावरून लग्नं मोडलेली आहेत.

"आमचं दूध त्यांच्या मागं हुभं?" तात्यांचा चहा बशीतच राहिला.

"तात्या, दूध नाही हो, संदेश. आणि आज त्यांनी बटण आधी दाबलं म्हणून ते वर. फरक डोळ्याची पापणी लवते त्याहून कमी."

"मागं ते मागंच. आन् एका खान्यात तरी कशापायी? येगळा खाना द्या आमाला."

मी हसण्यावारी नेलं. पण पुढच्या बैठकीत तो विषय कागदावर आला. विंझरला वेगळा खाना म्हटल्यावर बाकीच्या गावांनी काय पाप केलं होतं? पंधरा मिनिटांत ठराव: प्रत्येक केंद्राला स्वतंत्र खाना. माझ्याकडे सगळ्यांनी बघितलं. मला माहीत होतं की हे करू नये. का करू नये हे सांगायला मला पाच मिनिटं लागली असती. मी तोंड उघडलं तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "बाईंना जमत नसेल तर पुण्याच्या कंपनीला विचारू."

"जमतं की," मी म्हटलं.

बघा, एवढीच चूक. बाकी सगळं त्यातून निघालं. ठेच लागली ती माझ्या तोऱ्याला, आणि भोगायला निघालं भलतंच कुणी.

एकदा दार उघडल्यावर माणसं आत यायचीच. पुढच्या बैठकीत कुणाला वाटलं, सकाळ आणि संध्याकाळ एका खान्यात नको, घोळ होतो. झाले दुप्पट. मग म्हशीवाले उठले. "म्हशीच्या दुधाचं फॅट कुठं, गाईचं कुठं! तिला गाईच्या खान्यात कोंबायची म्हंजी काय?" झाले चौपट. शिवाय कुणी मागाहून भांडायला आलं तर पुरावा असावा म्हणून एका पाळीची नोंद झाली की नवी फाईल सुरू करायची, आणि जुन्या वर्षभर तशाच ठेवायच्या. प्रत्येक ठरावानंतर माझ्याकडे मान वळायची आणि मी म्हणायची, जमतं. बोहल्यावरही मी इतक्यांदा हो म्हटलं नसेल.

यात बिघडतं काय, हे बाहेरच्या माणसाला कळायला जत्रेतल्या जेवणाचं उदाहरण पुरेल. जेवणारे हजार. बारा पंगती बसवल्या तर बारा भाताच्या बादल्या, बारा आमटीच्या, तेवढेच वाढपी, आणि सगळं निभतं. पण गावकीनं ठरवलं की प्रत्येक घराची पंगत वेगळी, त्यातही बायांची वेगळी, पुरुषांची वेगळी, तर जेवणारे तेच हजार, भातही तेवढाच, पण बादल्या लागणार आठशे. एकेका पंगतीला दोन माणसं बसलेली आणि त्यांच्यासमोर स्वतंत्र बादली घेऊन वाढपी उभा. मशीनच्या आत भांड्यांच्या खोलीवर एक कडक माणूस बसलेला असतो, त्याला ऑपरेटिंग सिस्टीम म्हणतात. जेवणारे किती याच्याशी त्याला देणंघेणं नाही. तो बादल्या मोजतो. आमच्या प्रत्येक खान्यामागे तीन-चार फायली, रोज नव्या, आणि जुन्या मिटायच्या नाहीत. संदेश तेवढेच, उघड्या फायली मात्र ढीगभर.

पहिला झटका पहिल्या ठरावानंतर दोनेक महिन्यांनी बसला. मशीननं हात वर केले: फायली फार उघड्या आहेत, आता देणार नाही. हे मला माहीत होतं. भांड्यांच्या खोलीतल्या त्या माणसानं किती बादल्या द्यायच्या याची मर्यादा ठरलेली असते आणि ती वाढवता येते. मी एक आकडा बदलला, मशीन पुन्हा सुरू केलं, पाच मिनिटांत सगळं जागेवर. नेमके तात्या आणि दोन संचालक एसी खात बसलेले होते. त्यांना वाटलं बाईंनी मोठीच शस्त्रक्रिया केली. त्या वर्षीच्या सभेत मला शाल आणि नारळ मिळाला. शाल अजून आहे, थंडीत वापरते. चूक वाढवून ठेवल्याबद्दल सत्कार झालेली तालुक्यात मी एकटी नसेन, पण शाल मिळालेली बहुधा एकटीच.

आता हौसाबाई. हिर्डोशी म्हणजे वरंध घाटाच्या वाटेवरचं डोंगरातलं गाव, आमच्या टँकरचं शेवटचं टोक. तिथल्या केंद्राच्या सचिव हौसाबाई, साठीच्या पुढच्या, काटक, आणि तात्यांची सख्खी थोरली बहीण. आख्ख्या भोर-वेल्ह्यात तात्या एकाच माणसाला घाबरायचे ते हिला. केंद्र हिनंच उभं केलं. त्याआधी तिथल्या बाया किटल्या डोक्यावर घेऊन खालच्या केंद्रापर्यंत चालत यायच्या, जाऊन-येऊन अर्धा दिवस. केंद्र गावात आलं तेव्हा तो अर्धा दिवस त्यांना परत मिळाला.

पण संघाचा एक नियम होता. केंद्राचं दूध टँकरला वेळेत मिळालं नाही की केंद्राच्या नावावर शेरा. तीन शेरे झाले की केंद्र बंद. हिर्डोशीवर दोन शेरे आधीच होते: एक पावसात रस्ता खचला तेव्हाचा, दुसरा नेटवर्क गेलं तेव्हाचा. कारण काही असो, शेरा तो शेराच. एकच सुटका होती. संघाच्याच एखाद्या विभागानं 'चूक आमची' असं सहीनिशी लिहून दिलं तर शेरा रद्द. मी होते तोवर असं कुणीही लिहून दिलेलं मला आठवत नाही. आमच्याकडे चुका नेहमी नेटवर्कच्या असायच्या, आणि नेटवर्क सही करत नाही.

म्हणून हौसाबाई दर सोमवारी मला फोन करायची. गावात रेंज नाही, त्यासाठी ती धरणाच्या अंगाला एका खडकावर चढायची. चौकशी एकच. "बाई, आमचं ठीक हाय न्हवं?" मी म्हणायची, "ठीक आहे हौसाबाई, उतरा आता, पडाल."

आता त्या दिवसाकडे येते. चैत्राचे दिवस, गावोगावच्या जत्रा, सकाळी सातलाच पाठीला घाम. तिसरा ठराव अमलात येऊन काही महिने झालेले. मी कचेरीत पोचले तर पहिलं मशीन पडलेलं. त्याचा भार दुसऱ्यावर गेला, दुसरं पडलं. दोघांचा भार तिसऱ्यावर, तेही आडवं. मी घाबरले नाही, शालवाली बाई होते ना मी! सगळं बंद करून नीट क्रमानं उठवायचं ठरवलं. खाने उघडण्यासाठी मी स्वतः एक यादी केलेली होती, अकारविल्हे, म्हणजे कुणी आमचं नाव मागे का म्हणायला नको. अ पासून खाने उघडू लागले. आंबवडे, करंदी, कापूरहोळ, असं करत करत गाडी पुढे निघाली. व आला. विंझर उघडलं. शेजारी येऊन बसलेले तात्या खुशीत म्हणाले, "आलं न्हवं आमचं? मग झालं की."

स संपला आणि गाडी थांबली.

ह ची चार गावं राहिली. त्यातली तीन रस्त्याकाठची, टँकर त्यांच्या दारावरूनच जातो, ती माणसं हात दाखवून थांबवतील. राहता राहिली हिर्डोशी. मी पुन्हा आज्ञा दिली. मशीन म्हणालं, मेमरी संपली.

मेमरी कशी संपेल? मी बघितलं तर निम्मी रिकामी. पुन्हा आज्ञा, पुन्हा तेच. निम्मी मेमरी समोर दिसतेय आणि हा गृहस्थ म्हणतोय संपली. मी त्याला जे बोलले ते दिवाळी अंकात येत नाही.

"काय कमी पडलंय?" तात्यांनी विचारलं.

"मेमरी. म्हणजे कमी नाहीये, पण तो म्हणतोय कमी आहे."

"मग आनू की. कापूरहोळला माज्या वळखीचा हाय एक. ट्रॅक्टरचं समदं भेटतं त्याच्याकडं."

"तात्या, गप्प बसा. हिर्डोशी उघडत नाहीये."

तात्या एकदम उभे राहिले. दोन शेऱ्यांचं त्यांना माहीत होतं. "आक्काचं केंद्र?" मग खाली बसले, मग परत उठले. "म्या बोलू का वर? संचालक हाय म्या." आणि स्वतःच म्हणाले, "न्हाई. भनीचं केंद्र म्हनून वाचिवलं म्हनतील. उद्याच्याला समदी येतील माज्याकडं." त्यांचा चेहरा पडला. मला त्यांचं वाईट वाटलं, आणि रागही आला, कारण हे खाने वाढवायचं सुरू त्यांनीच केलं होतं. मग आठवलं, जमतं कोण म्हणालं होतं ते.

मी हौसाबाईला फोन लावला. लागला नाही, ती खडकावर नव्हती, केंद्रात दूध मोजत होती. टँकरच्या ड्रायव्हरला लावला, रामदासला. तोही दरीत, रेंजबाहेर. घड्याळात साडेआठ. नऊला मीच लिहिलेला एक प्रोग्रॅम जागा व्हायचा आणि ज्यांचा संदेश नाही आणि टँकरची नोंदही नाही त्यांच्या नावावर शेरा घालायचा. तो या तिन्हींहून वेगळ्या मशीनवर होता, त्याला काही झालेलं नव्हतं. माझा एवढाच प्रोग्रॅम कधी पडला नाही. रस्त्याकाठच्या तीन केंद्रांचं दूध ड्रायव्हरनं हातानं नोंदवून उचललं, ती सुटली. बरोबर नऊला प्रिंटर खरखरला आणि कागद बाहेर आला: हिर्डोशी, तिसरा शेरा, केंद्र बंद करण्याची सूचना. खाली मी हौसेनं घातलेली ओळ होती: 'आपले सहकार्य अपेक्षित आहे.'

सव्वानऊला दारात एसटीचा कंडक्टर उभा. खांद्याला पिशवी. त्यातून त्यानं आधी कुणाची औषधाची बाटली काढली, मग लग्नपत्रिकांचा गठ्ठा, मग एक छत्री, आणि तळातून चिठ्ठी. "हिर्डोशीच्या आत्यांनी दिलीय. म्हनल्या, हातात द्या, टेबलावर ठिवू नका."

घाटाखालच्या सगळ्या गावांचे निरोप त्या एका पिशवीतून रोज भोरला येत होते, आणि कुणाचा निरोप कुणाच्या वर होता याची आजतागायत कुणी चौकशी केली नव्हती. हे मला त्या क्षणी सुचलं आणि सुचायची ती वेळ नव्हती.

चिठ्ठीत लिहिलं होतं: 'मशीन हिरवं होईना. दूध तयार हाय. कॅन झऱ्यात उभे केलेत, वर वले पोते टाकलेत. टँकर धाडा. आमचा तात्या तितं गार हवेला बसला आसंल तर त्याला उठवा.'

तात्या वाचायच्या आत उठलेले होते. त्यांनी जीप काढली आणि घाटाकडे सुटले. पुढचं मला रामदासनं सांगितलं. शेवटच्या गावाहून तो मागे फिरला होता, तर समोरून जीप आली, रस्त्यात आडवी उभी राहिली आणि तात्या खाली उतरून दोन्ही हात पसरून टँकरसमोर उभे. "मला वाटलं लुटायला आलंय कोन," रामदास म्हणाला. "तर म्हनत्यात, फिरीव, आक्का मारंल मला."

इकडे मी डोकं शांत करून बसले. मेमरी आहे, फायलींची मर्यादाही वाढवलेली आहे. मग नाही काय? आणि मग सापडलं. पंगतीचंच सांगते. भात भरपूर. बादल्याही भरपूर. पण कुठली बादली कुठल्या पंगतीत गेली हे लिहायला भांड्यांच्या खोलीतल्या माणसाकडे एक वही असते, आणि तिच्या रेघा ठरलेल्या असतात. मशीन काही फायली थेट मेमरीत मांडून ठेवतं आणि प्रत्येकीची एक ओळ त्या वहीत लिहितं. आमच्या हजारो फायलींनी वही भरली होती. ओळ नाही तर बादली नाही. आणि हा बाबा 'वही संपली' म्हणायचं सोडून 'भात संपला' म्हणून ओरडत होता. वहीच्या रेघा वाढवण्यासाठी एक आकडा बदलावा लागतो. तो बदलायला मला अर्धं मिनिट लागलं, तो शोधायला साडेतीन तास.

साडेदहाला हिर्डोशीचा खाना उघडला. अकराच्या सुमारास टँकर तिथं पोचला. कापूरहोळच्या शीतकरण केंद्रावर दूध उकळून बघितलं, फाटलं नाही. झऱ्यानं आणि ओल्या पोत्यांनी राखलं होतं ते.

पण शेरा तसाच होता. संगणकानं लिहिलेला, तिसरा.

दुपारी माझ्यासमोर फॉर्म आला. 'विलंबाचे कारण.' मी पेन उघडलं आणि लिहिलं, 'नेटवर्क उपलब्ध नव्हते.' एकोणतीसपैकी सव्वीस वर्षं तेव्हा झाली होती, माझ्या नावावर एकही लेखी चूक नव्हती. त्या वर्षी बढती होती. मी मनाशी म्हटलं, बघू, पुढच्या बैठकीत काही तोडगा निघेल. निघणार नव्हता, मला माहीत होतं. फॉर्म घडी करून वरच्या खणात ठेवला, उद्या देऊ म्हणून.

चार वाजता हौसाबाई आली. एसटीनं उतरून, उन्हातून चालत. हातात डबा. समोरच्या खुर्चीवर बसली, पदरानं तोंड पुसलं, आणि आधी एसीकडे बघितलं.

"ह्या गारव्याला येऊन बसतुय व्हय त्यो! बरं." मग डबा माझ्यापुढे सारला. "खर्वस हाय. म्हस परवा व्याली. तुमच्यासाटी आणलाय."

"मला कशाला?"

"आवो, तात्या म्हनला, बाईंनी पाण्याचा घोट घेतला न्हाई, आमच्या खान्यापायी जाग्यावरनं हलल्या न्हाईत. तुमी हाय म्हनून आमचं दूध वाचलं. बाया म्हनत हुत्या, आमीबी येतो. म्या म्हनलं, तिथं येवड्या खुर्च्या नसतील."

मी खर्वसाचे दोन तुकडे खाल्ले. तिसरा डब्यात परत ठेवला. तिनं माझ्याकडे नीट बघितलं आणि खडकावर चढून विचारायची तेच विचारलं.

"बाई, आमचं ठीक हाय न्हवं?"

दर सोमवारी किती सहज उत्तर द्यायची मी. त्या दिवशी मी खण उघडला, तो फॉर्म काढला आणि तिच्यासमोर फाडला. दुसरा घेतला. त्यावर लिहिलं: 'हिर्डोशी केंद्राने संदेश वेळेत पाठवला. तो संगणक विभागाच्या चुकीमुळे नोंदवला गेला नाही. केंद्राचा दोष नाही.' खाली पूर्ण नावानं सही केली.

"काय लिवलं?" हौसाबाईनं विचारलं.

मी वाचून दाखवलं. ती म्हणाली, "चूक तुमची हुती व्हय? मग म्या उगंच आणला खर्वस." आणि डबा उचलायचं नाटक करून इतकी हसली की बाहेरचा शिपाई डोकावला. हसता हसता तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. माझ्याही.

शेरा रद्द झाला. बढतीही. दुसरी मिळाली ती दोन वर्षांनी, आणि ते टोचलं नाही म्हणाले तर खोटं ठरेल. पहिल्या ठरावाच्या दिवशी पाच मिनिटं बोलले असते तर यातलं काही झालं नसतं, हे अजून टोचतं.

पुढच्या बैठकीत मी बारा खाने परत मागितले. पंगत, बादल्या, वही, सगळं समजावलं. मान कोण सोडणार? शेवटी तात्याच उठले. त्या दिवशी टँकरबरोबर हिर्डोशीला गेल्यावर आक्काकडून त्यांनी काय ऐकलं असेल ते त्यांच्या चेहऱ्यावर अजून होतं. "आमचं विंझर कुनाच्याबी मागं घाला," ते म्हणाले. "नदीपल्याडच्या मागं घातलं तरी चालंल. पर चालू ठिवा."

बारा खाने झाले. गणितानं विंझर पुन्हा पाच नंबरात आलं, नदीपलीकडच्या गावासकट. आणि हिर्डोशीही तिथंच. तात्या अजून येऊन चष्मा लावून बघतात म्हणे, पण आता आक्काचं नाव वर दिसलं की चहा पितात.

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. निरोप समारंभाला तात्या संघाचे चेअरमन होते. कुणीतरी लिहून दिलेलं भाषण त्यांनी माईकवर वाचलं. "बाईंनी एकोणतीस वर्षे निष्कलंक सेवा केली. त्यांच्या हातून एकही चूक—"

"खोटं हाय!" मागच्या खुर्च्यांतून आवाज आला. सगळ्या माना वळल्या. हौसाबाई उभी होती, बरोबर हिर्डोशीच्या सात-आठ बाया. "एक चूक हाय त्यांची, सही करून दिलेली. तिच्यावर आमचं केंद्र चालू हाय."

तात्यांनी भाषणाचा कागद खिशात घातला. टाळ्या वाजल्या त्या तेव्हा.